कामोठ्याच्या फ्रीजमधलं चीज

परवा भाची आली. धाकट्या बहिणीची मुलगी, विस्कॉन्सिनला शिकते. आल्या आल्या तिला आजोबांना पास्ता करून घालायची हौस आली. त्यासाठी पार्मेजान हवं, म्हणून मी, ती आणि काठी टेकत आप्पा अशी आमची वरात कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदाराने फ्रीज उघडून दाखवला. "अमूल आहे, गोवर्धन आहे, ब्रिटानिया आहे. क्यूब, स्लाइस, पिझ्झावालं. अजून काय असतं?"

भाचीचा चेहरा पडला. तिच्याकडे म्हणे दुकानात ताज्या चीजचे गोळे मिळतात, दाताखाली कुईकुई वाजणारे. एक-दोन दिवसांत तो आवाज जातो, त्यामुळे त्या भागाबाहेरच्या दुकानांत ते सहसा दिसत नाहीत. "आणि मावशी, आपल्याकडे घराघरात दूध, दही, तूप. मग चीज एवढंच कसं?"

मी आपलं "इथे खपत नाही गं" असं उत्तर देऊन मोकळी झाले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

खरं तर आमच्या घरात चीज नसण्याचं कारण आज्जीच्या एका शब्दात होतं: "नासलं!" दूध फाटलं की घरात सुतक असल्यासारखी शांतता. मुद्दाम लिंबू पिळून कुणी दूध फाडेल ही कल्पनाच तिला सहन झाली नसती. आपल्या स्वयंपाकघरात दुधाचं दही होतं, दह्याचं ताक-लोणी, लोण्याचं तूप. फार तर दही टांगून चक्का. गाय-म्हैस व्याली की खरवस. बंगालमध्ये मात्र नासलेल्या दुधाच्या छेन्यावर अख्खी मिठाई उभी राहिली. हुगळीकाठी पोर्तुगीजांची बांडेल नावाची वसाहत होती, तिच्या नावाचं खारट, धुरकट चीज कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये मिळतं. दूध फाडायला बंगाल्यांना पोर्तुगीजांनी शिकवलं असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते पटत नाही. पोर्तुगीज आपल्या गोव्यात, वसईत, चौलला शेकडो वर्षं होते, पण आमच्या आज्जीपर्यंत काही ते पोचले नाहीत!

मुंबईत पारशांचं टोपली पनीर होतं, छोट्या टोपल्यांत लावलेलं, पाण्यात डुंबणारं, अगदी मऊ. पण ते पारशी घरांपुरतं. चीज म्हणजे डब्यातलं, साहेबाचं. आज आपण ज्याला पनीर म्हणतो ते फाळणीनंतर पंजाबी माणसांबरोबर इकडे पसरलं. सायन-कोळीवाड्याला निर्वासितांची वस्ती झाली, पंजाबी हॉटेलं निघाली, आणि पुढे कधीतरी पनीर मराठी लग्नाच्या पंगतीत येऊन बसलं. आता कामोठ्यात दुधाच्या प्रत्येक दुकानात पनीर असतं, आणि ते परकं आहे असं कुणाला वाटतही नाही.

चीजची वाट मात्र वेगळी आहे, आणि ती मुंबईच्या चहाच्या कपातून जाते. मुंबईला दूध हवं होतं. १९४५ मध्ये सरकारने बॉम्बे मिल्क स्कीम काढली आणि खेडा जिल्ह्यातलं दूध पोलसनच्या डेअरीमार्फत आगगाडीने मुंबईला यायला लागलं. दुधाचे पैसे मधल्यामध्ये मुरतात म्हणून शेतकरी चिडले. ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावात सभा झाली, पोलसनला दूध घालायचं बंद झालं, आणि त्याच डिसेंबरात खेडा संघाची नोंदणी झाली. तोच अमूल. (शाळेत श्वेतक्रांती शिकले, पण तिची सुरुवात मुंबईकरांच्या चहामुळे झाली हे कुणी सांगितलं नव्हतं.)

अडचण अशी की ते दूध म्हशीचं. हिवाळ्यात उतू जाणारं, उन्हाळ्यात आटणारं. जास्तीच्या दुधाचं करायचं काय? म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं युरोपातले जाणकार सांगत. ह. म. दलाया या अभियंत्याने ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये आणंदचा कारखाना सुरू झाला. १९६० च्या सुमारास त्याला जोड देऊन वर्षाला ६०० टन चीज करायची सोय झाली. म्हशीच्या दुधाचं चीज एवढ्या प्रमाणावर जगात प्रथमच होत होतं. हे प्रोसेस्ड चीज, म्हणजे चीज वितळवून पुन्हा थापलेलं. टिकाऊ, सौम्य, कुठल्याही पुरवठ्यात तग धरणारं. दोन पिढ्यांनी चीजची चव म्हणून हीच ओळखली. मुंबईच्या सँडविचवाल्याने ते टोमॅटो-काकडीवर किसलं आणि ते आपलं झालं. भाचीचं पार्मेजान इथे येणं एरवीही कठीणच. इटलीतल्या अस्सल प्रकाराला वासराच्या पोटातलं विरजण लागतं, तो त्यांचा नियम आहे. आणि आपल्या पाकिटावर हिरवा ठिपका नसला तर कामोठ्यातलं अर्धं गिऱ्हाईक परत फिरेल.

मग महाराष्ट्र कुठे होता? तो आला १९९० नंतर. १९९२ मध्ये मंचरला पराग डेअरी निघाली, आपलं गोवर्धन तिचंच. बारामतीत डायनॅमिक्स उभी राहिली. १९९६ मध्ये मॅकडोनल्ड्स भारतात आलं तेव्हा बर्गरमधला चीजचा तुकडा बारामतीहून जायला लागला. ब्रिटानियाचं चीजही तिथेच तयार व्हायचं. पुढे डायनॅमिक्समध्ये श्रायबर नावाची कंपनी भागीदार झाली, आणि ती कुठली? विस्कॉन्सिनची! हे सांगितल्यावर भाची आनंदाने ओरडलीच. अमूलची सुरुवात म्हशीपासून, तर इकडचं चीज संकरित गायीचं. रंगात, चवीत थोडा फरक पडतो, पण कामोठ्यात क्यूब घेताना तो बघतं कोण?

आप्पा बघत होते. इतका वेळ ते पाकीट डोळ्यांजवळ धरून उभे होते. "ह्यातलं दूध कुठलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुणे जिल्ह्यातलं असेल, बारामती, मंचर. ते काही बोलले नाहीत. आमचं गाव फलटण तालुक्यात, बारामती तिथून तासाभराच्या आत. तीस वर्षं आप्पांनी सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घातलं. फॅट बघायची, पावती घ्यायची, किटली विसळायची. टेंपो कुठे जातो हे कधी कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. २०१८ मध्ये गायीच्या दुधाला १७-१८ रुपये मिळायला लागले, जुलैमध्ये आंदोलन पेटलं, रस्त्यावर दूध ओतलं गेलं. त्या वर्षी आप्पांनी दोन गायी विकल्या. उरलेली एक पुढच्या वर्षी. गोठा अजून आहे, त्यात आता ट्रॅक्टरची अवजारं ठेवलेली असतात.

"एक किलोला किती दूध लागतं गं?" त्यांनी भाचीला विचारलं. तिने सांगितलं, साधारण दहा लिटर. आप्पांनी पाकिटावरची किंमत पुन्हा बघितली आणि मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. आकडा त्यांनी सांगितला नाही, आणि मी विचारलं नाही.

मला आठवलं ते निराळंच. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं, गावात बारा-बारा तास वीज नाही. गावच्या दुकानात फ्रीज होता, पण त्यात थंड असं काही नसायचं. कोण ठेवणार तिथे चीज? दूध रोज संध्याकाळी गावाबाहेर जायचं आणि त्यातलं काहीच परत यायचं नाही. कामोठ्यात आले तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात दिवसभर घरघरणारा फ्रीज होता, आणि त्यात क्यूब होते. तुम्ही अमुक खाता की तमुक, हे विचारण्याआधी तुमच्या दुकानाची वीज कधी जाते ते विचारायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं.

असो. शेवटी आम्ही गोवर्धनचं पाकीट घेतलं. पास्ता झाला, भाचीने वरून भरपूर चीज किसलं. आप्पांनी एक घास खाल्ला, जरा थांबले.

"मीठ लई हाय ह्यात," म्हणाले, आणि ताट पुढे केलं.