रेडिएटरमध्ये ऑइल दिसलं म्हणजे इंजिन गेलं असं नाही. आधी ऑइल कुलर तपासा

मागच्या हंगामात बाजार समितीत माल टाकून घरी येताना माझ्या जुन्या डिझेल गाडीच्या काट्याने वर जायला सुरुवात केली. गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली आणि कुलंटच्या बाटलीचं झाकण उघडलं. आत हिरवं पाणी नव्हतं, कढीसारखा तपकिरी गाळ होता. पहिल्या गॅरेजवाल्याने बाटलीत बोट बुडवलं आणि सांगितलं, "दादा, हेड गेलंय. इंजिन खोलावं लागेल."

इंजिन खोलायचं म्हणजे हजारोंचा खर्च आणि ऐन हंगामात गाडी दहा-बारा दिवस उभी. मन मानेना म्हणून दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीकडे टोचन करून नेली. त्याने एकच विचारलं, "धूर पांढरा येतो का?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, "मग आधी कुलर बघू." बिघाड कुलरमध्येच होता. हेडला हातसुद्धा लावावा लागला नाही.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले आणि त्यानंतर अनेक छोट्या डिझेल गाड्या बाजारातून गेल्या. पण जुन्या गाड्या आपल्या गावागावात अजून धावतायत. त्यांचं वय वाढलंय, त्यामुळे हा बिघाड पुढे आणखी दिसणार. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे.

ऑइल कुलर म्हणजे काय?

इंजिनातलं ऑइल दोन कामं करतं. फिरणाऱ्या भागांना वंगण देतं आणि त्यांची उष्णता घेऊन येतं. घाटात, भर उन्हात, भरलेल्या गाडीत ऑइल फार तापतं. जास्त तापलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगला नीट आधार देत नाही. ते थंड ठेवायला कुलर असतो.

कुलर दोन प्रकारचे असतात. एक हवेवर थंड होणारा. तो छोट्या रेडिएटरसारखा पुढे बसवलेला असतो, काही मोटारसायकलींनाही असतो. दुसरा पाण्यावर चालणारा, आणि चारचाकी डिझेल गाड्यांत बहुतेक हाच असतो. तो साधारण ऑइल फिल्टरच्या घरापाशी, इंजिनच्या बाजूला बसवलेला असतो. आत पातळ पत्र्यांचे थर असतात. एका थरातून ऑइल जातं, शेजारच्या थरातून कुलंट जातं. दोघांमध्ये फक्त एक पातळ पत्रा. त्या पत्र्याला बारीक चीर गेली की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

ऑइल पाण्यात का जातं?

हे दाबाचं गणित आहे. कारच्या टायरात साधारण दोन बार हवा असते. गाडी रस्त्यावर चालू असताना ऑइलचा दाब तीन-चार बारपर्यंत जातो. कुलंटचा दाब मात्र एक बारच्या आसपास असतो. जास्त दाबाचं ऑइल कमी दाबाच्या पाण्यात घुसतं. म्हणून आधी कुलंटच्या बाटलीत गाळ दिसतो आणि डिपस्टिकवर ऑइल कमी होत जातं.

पण गाडी बंद केली की ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो. गरम कुलंटचा दाब मात्र बराच वेळ टिकतो. त्या वेळात पाणी उलटं ऑइलमध्ये जाऊ शकतं, आणि हे जास्त घातक आहे. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी पुन्हा चालू करू नका. "घरापर्यंत तर जाईल" म्हणून चालवली आणि इंजिन जाम झालं, असं घडायला वेळ लागत नाही.

कुलर की हेड गॅस्केट? फरक असा ओळखा

हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं:
- गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, त्याला गोडसर वास असतो.
- थंड गाडी चालू केल्याबरोबर कुलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येतात.
- गाडी तापायच्या आधीच रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होतो.
- इंजिन एखाद्या सिलिंडरवर कमी चालतं, झटके देतं.

ऑइल कुलर गेल्याची लक्षणं:
- बाटलीत तपकिरी किंवा काळपट घट्ट गाळ, पण पांढरा धूर नाही.
- बुडबुडे नाहीत, गाडीची ताकद तशीच आहे.
- डिपस्टिकवर ऑइल घटतंय, पण खाली जमिनीवर डाग नाही.

ही लक्षणं म्हणजे शंभर टक्के निकाल नाही. गाडी खूप तापली असेल तर दोन्ही बिघाड एकत्रही असू शकतात. म्हणून इंजिन खोलायच्या आधी मिस्त्रीला दोन गोष्टी करायला सांगा: सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट, आणि कुलर काढून त्याची हवेची टेस्ट. हेड काढण्यापेक्षा हे किती तरी स्वस्त आहे.

एक सूचना. थंडीच्या दिवसांत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली तर ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय जमते. ती हवेतल्या ओलाव्याची असते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कुलंट कमी होत नसेल तर घाबरू नका.

बाहेरून गळत असेल तर?

प्रत्येक वेळी आतला पत्राच फुटतो असं नाही. कुलर आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी सील किंवा ओ-रिंग असतात. उष्णतेने त्या कडक होतात आणि ऑइल बाहेर येतं. ते खाली ओघळून चेंबरवर जमतं, मग चेंबरचं पॅकिंग बदललं जातं आणि गळती तशीच राहते. ऑइल खालीच वाहणार, म्हणून सगळ्यात वर ओलं कुठे आहे ते शोधा. तो भाग धुऊन कोरडा करा, अंगाला लावायची पावडर भुरभुरा, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा आणि बॅटरीने बघा. ओली रेघ कुठून सुरू होते ते दिसेल. फक्त सीलच गेले असतील तर काम काहीशे रुपयांच्या सुट्या भागात होऊ शकतं.

कुलरची टेस्ट कशी करतात?

कुलर काढून धुतात. ऑइलच्या बाजूची एक वाट बंद करून दुसरीतून तीन-चार बार हवा भरतात आणि कुलर पाण्याच्या बादलीत बुडवतात. पाण्याच्या वाटेतून बुडबुडे आले की चीर आहे. ही टेस्ट गरम पाण्यात करायला सांगा. काही चिरा थंड असताना मिटतात आणि तापल्यावर उघडतात. थंड पाण्यात पास झालेला कुलर गाडीवर पुन्हा फेल होऊ शकतो.

बदलण्याचं काम टप्प्याटप्प्याने

पाना हातात धरायची सवय असेल त्यांनीच हे काम घरी करावं. बाकीच्यांनी मिस्त्रीकडून करून घ्यावं, पण समोर उभं राहून बघावं.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

२. कुलंट आणि ऑइल वेगवेगळ्या भांड्यांत काढा. ऑइलमध्ये खाली पाणी बसलं आहे का ते बघा.

३. ऑइल फिल्टर काढा. कुलरपर्यंत हात जाण्यासाठी वाटेतले पाइप, पत्रे काढावे लागतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, बसवताना उपयोग होतो.

४. कुलरला आलेले पाण्याचे पाइप काढा, मग बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने ढिले करा. लांब-आखूड बोल्ट वेगळे ठेवा.

५. इंजिनची जागा स्वच्छ करा. इथे लोखंडी पाते वापरू नका. ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की नवीन सीलसुद्धा गळतो. प्लास्टिकची पट्टी आणि कपडा वापरा. कचरा ऑइलच्या भोकात जाऊ देऊ नका.

६. नवीन सील किंवा ओ-रिंग लावा, त्यांना थोडं नवीन ऑइल चोळा. ओ-रिंगवर सिलिकॉन लावू नका. जास्तीचं सिलिकॉन आत तुटतं आणि ऑइलच्या वाटेत अडकतं.

७. बोल्ट हाताने सुरू करा आणि आळीपाळीने आवळा. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळणं योग्य. ॲल्युमिनियमचे आटे जास्त जोराने लगेच मरतात.

८. नवीन फिल्टर, नवीन ऑइल. नवीन कुलर आणि फिल्टर रिकामे असतात, त्यामुळे चालू करून बंद केल्यावर पातळी खाली जाते. पाच-दहा मिनिटांनी बघून पुन्हा भरा.

९. गाडी चालू केल्यावर रेस करू नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा.

धुलाई चुकली तर काम वाया

सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. नवीन कुलर बसला, पण रेडिएटर, हीटर आणि पाइपांत जुना गाळ तसाच राहिला, तर आठवड्यात बाटली पुन्हा तपकिरी होते. मग मालक म्हणतो कुलर डुप्लिकेट होता आणि मिस्त्री म्हणतो हेड गेलं.

दुकानात रेडिएटर धुवायचं औषध मिळतं, ते वापरा. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, मग थंड होऊ द्या आणि पाणी काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत असं तीन-चार वेळा किंवा जास्तही करावं लागतं. कुलंटची बाटली वेगळी काढून धुवा. डिझेल किंवा रॉकेलने आतून धुऊ नका, रबरी पाइप फुगतात. जे पाइप आधीच ऑइलने मऊ, लिबलिबीत झाले असतील ते बदलाच.

ऑइलमध्ये पाणी गेलेलं असेल तर नवीन ऑइलही थोडंफार खराब होतं. अशा वेळी साधारण पाचशे किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलावे.

मूळ कारण आपल्या बोअरमध्ये

कुलर वयानेही जातो. पण आपल्या भागात मोठं कारण म्हणजे कुलंटऐवजी बोअरचं पाणी. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कुलंट कशाला?" असं आपण म्हणतो. कुलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं. ते पाणी उकळायचं तापमान वाढवतं आणि आतल्या धातूला गंजण्यापासून वाचवतं. बोअरच्या पाण्यातले क्षार कसे जमतात ते ठिबकच्या नळ्यांत आपण रोज बघतो. तेच कुलरच्या बारीक वाटांत होतं. क्षार जमला की पत्रा नीट थंड होत नाही, गंजतो आणि फुटतो.

म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच घाला. बऱ्याच कुलंटना निम्मं-निम्मं चालतं. डबा तयार मिश्रणाचा असेल तर त्यात पाणी घालू नका. अडचणीत रस्त्यावर बाटलीबंद किंवा आरओचं पाणी घाला, घरी आल्यावर बदला.

आणखी एक. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती-बंद पावडर टाकतात. बाहेरची बारीक गळती थोडे दिवस थांबते, पण तीच हळद कुलर आणि हीटरच्या वाटा बंद करते. आतून फुटलेला कुलर एम-सीलने किंवा वेल्डिंगने टिकत नाही, बदलावाच लागतो.

काढलेलं ऑइल-कुलंट कुठे टाकायचं?

गोठ्याजवळ, बांधावर, विहिरीच्या काठावर अजिबात नाही. साध्या कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्रं, वासरू ते चाटतं आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, मुलांपासून लांब ठेवा. जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

काम झाल्यावर

पहिला आठवडा रोज सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, दोन गोष्टी बघा: डिपस्टिक आणि कुलंटची बाटली. थोडी तेलकट साय पहिल्या दिवसांत दिसू शकते, ती पुसून काढा. ती रोज वाढत गेली तर मिस्त्रीकडे परत जा. पातळी स्थिर आणि रंग स्वच्छ राहिला तर काम बरोबर झालं.

माझी गाडी तिसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात होती. म्हणून सांगणं एवढंच: बाटलीत गाळ दिसला तर गाडी बंद करा, टोचन करून न्या, आणि हेड खोलायला होकार देण्याआधी कुलरची टेस्ट मागा. जुना कुलर आपल्या ताब्यात घ्या आणि चीर कुठे आहे ते डोळ्यांनी बघा. पैसे आपले आहेत, विचारायला संकोच नको.