चिनी मातीचे देव

आपल्या घरातली लोणच्याची बरणी चिनी मातीची. नावातच तिचे माहेर आहे.

कार्यालयीन कामासाठी गुडीहत्नूरहून हैदराबादला गेलो की मी सालारजंग संग्रहालयात डोकावतो. निजामाचे दिवाण राहिलेले तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान यांनी जमवलेला हा संग्रह १९५१ साली सर्वांसाठी खुला झाला. तिथे चीन-जपानची भांडी आहेत, तशीच युरोपचीही. यांचे नाते मोठे गमतीचे आहे.

ही माती घडवण्याचे चिनी गुपित युरोपला शतकानुशतके उमगले नव्हते. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला तर अशा भांड्यांचे वेडच होते. १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० सैनिक देऊन १५१ भांडी घेतली! सोने बनवतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुणाला त्याने कैदेत ठेवले होते. सोने काही झाले नाही. पण १७०८ मध्ये त्याच्या प्रयोगांतून शुभ्र पोर्सेलीन हाती आले आणि १७१० मध्ये माइसेनला कारखाना निघाला.

तिथे भांड्यांबरोबर 'पागोडा' नावाचे पुतळेही घडू लागले. मांडी घालून बसलेले, पोट सुटलेले, हसरे. त्यांचे मूळ चीनमधला बुदाई. त्याला तिकडे मैत्रेय बुद्धाचा अवतार मानतात. माइसेनच्या काही पुतळ्यांची मान डोलायची, जीभ हलायची. चीनमधले पूजास्थान युरोपच्या दिवाणखान्यात करमणूक झाले.

आपल्याकडे उलटे घडले. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. त्या चित्रांवरून जर्मन कारखान्यांनी पोर्सेलीनच्या मूर्ती केल्या आणि भारतात विकल्या. तिकडे तो निव्वळ माल होता. इकडे कुणी तो कपाटात मांडला, तर कुणी हळदकुंकू वाहून देवघरात बसवला.

मागच्या वर्षी आमच्या शोकेसमधल्या 'लाफिंग बुद्धा'कडे बोट दाखवून मुलीने विचारले, "बाबा, हा कुणाचा देव?" मला उत्तर आले नाही. तोच हा बुदाई, हे नंतर वाचून कळले. म्हणजे युरोपने केले तेच मीही केले होते. मूर्ती आणली, ओळख करून घेतली नाही.

शाडूचा बाप्पा पाण्यात विरघळतो, त्याची गोष्ट मात्र आपण मुलांना सांगतो म्हणून उरते. शोकेसमधली मूर्ती वर्षानुवर्षे टिकते, पण तिची गोष्ट कुणी सांगितली नाही तर ती नुसती वस्तू होते. या गणेशोत्सवात घरातल्या एकेका मूर्तीची गोष्ट मुलांना सांगू या.

गणपती बाप्पा मोरया!