सागाच्या खांबापासून प्लॅस्टिकच्या फळीपर्यंत

आज आपण घराच्या लाकडाबद्दल बोलू.

आपल्या सातपुड्यात घर म्हणजे सागाचे खांब, बांबूचा कूड आणि त्यावर शेणामातीचा लेप. इंग्रजांच्या काळात तळोदा ही खानदेशातली लाकडाची मोठी पेठ होती. तिथल्या बैलगाड्यांनाही नाव होतं. पण जहाजांना साग हवा होता, रेल्वेला हवा होता, शहरांनाही हवा होता. १८७८ च्या वन कायद्याने सरकारने मोठमोठी जंगलं राखीव केली. झाड दारात, पण तोडायला परवानगी हवी, असे दिवस आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने काही हक्क परत मिळाले, पण तोवर जंगल विरळ झालं होतं.

याच काळात दुसरी वस्तू घरात शिरली. पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये सापडलं. पुढे त्याच्या पिशव्या, डबे, कॅन आपल्या बाजारापर्यंत पोचले. २००५ च्या जुलैमध्ये मुंबई बुडाली, तेव्हा पिशव्यांनी तुंबलेली गटारं सगळ्यांनी पाहिली. २०१८ साली राज्याने पिशव्यांवर बंदी आणली. तरी उकिरड्यावर प्लॅस्टिक आहेच, आणि चूल पेटवायलाही आपण तेच घेतो. त्याचा विषारी धूर पहिल्यांदा आपल्याच छातीत जातो.

त्याच प्लॅस्टिकची फळी होते. कॅन, डबे, दुधाच्या पिशव्या धुवायच्या, जातीप्रमाणे वेगळ्या करायच्या, यंत्रात बारीक करून वितळवायच्या आणि साच्यात दाबायच्या. या फळीला वाळवी लागत नाही, ती पावसात कुजत नाही. अमेरिकेत फोर्ट ब्रॅग इथे २००९ साली अशा प्लॅस्टिकचा पूल बांधला, त्यावरून रणगाडा गेला.

पण तो पूल इंजिनिअरांनी हिशेब करून बांधला होता. साधी फळी उन्हात आणि वजनाखाली वाकते, आगीत पेटते. बाक, कुंपण, गोठ्याची आडवी फळी यांना ती चालते. घराच्या मुख्य खांबाला किंवा चुलीजवळ नको. आणि घरी कढईत प्लॅस्टिक वितळवू नका. पाइपाच्या जातीचं प्लॅस्टिक तापलं की जीवघेणा वायू सुटतो.

या धंद्यात खरी मेहनत वेचण्याची आणि निवडण्याची, आणि ती बहुतेक बायाच करतात. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' सहकारी संस्था महापालिकेसोबत काम करते. त्यांनी यंत्र नाही, आधी संघटना उभी केली.

आपल्या गटानेही तोच क्रम धरावा. आधी निवडलेल्या मालाचा भाव विचारा, मग फळी कोण विकत घेईल ते पक्कं करा. यंत्रासाठी कर्ज काढायचं ते त्यानंतर. सागाच्या धंद्यात जंगल आपलं होतं, पण भाव दुसऱ्याने ठरवला. प्लॅस्टिकच्या फळीचा भाव ठरताना आपण तिथे बसलेल्या असू द्या.