बदामाचा वास आणि रोशाचे गवत

कामगारांच्या सभा घेत फिरणाऱ्या माणसाने अत्तरावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमच्या घरीही वाटले. निमित्त असे घडले की, काही वर्षांपूर्वी वणीच्या जत्रेत एका अत्तरवाल्याने आमच्या मनगटावर काडी फिरवली. प्रथम वास कडवट लागला. परंतु तासाभरात, उन्हात घामाशी मिसळून, तो आटवलेल्या दुधासारखा मऊ झाला. रात्री एस.टी.त शेजारचे गृहस्थ मसाला दुधाच्या आशेने आमच्या पिशवीकडे पाहू लागले. पुढच्या वर्षी आम्ही त्याची लहान कुपी घेतली आणि सभेच्या दिवशी सदऱ्याच्या आतून, कोणास न कळेल असा, फाया लावू लागलो. पन्नाशीत जडलेला शौक तो!

"बदाम कुठला आणता?" असे आम्ही त्यास विचारले होते. तो हसला. "बदाम कुठला, भाऊ! कारखान्यातला माल हाये. अन् हा स्वस्त गुलाब म्हन्ता, तो तुमच्याच जंगलातलं गवत हाये."

त्या दोन वाक्यांनी आम्हांस वाचनालयाच्या पायऱ्या चढायला लावले.

आपण रात्री भिजत घालतो त्या गोड बदामाला हा वास जवळजवळ नसतोच. तो कडू बदामाचा. 1832 साली व्होलर आणि लीबिग या जर्मन रसायनज्ञांनी कडू बदामाच्या तेलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे दोनच वर्षांत मित्शरलिख याने बेंझिनपासून नायट्रोबेंझिन तयार केले, आणि त्याचा वास बदामासारखाच निघाला. मग बेंझिन दगडी कोळशाच्या डांबरातून काढता येऊ लागले आणि 'मिरबेनचा अर्क' या गोंडस नावाने तो द्रव साबणात पडू लागला. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो मांडलाही गेला. परंतु ते विष होते. कातडीतून शरीरात शिरे, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती मारी. हाताळणाऱ्या मजुराचे ओठ व नखे निळी पडत. बाईसाहेबांच्या साबणाला बदामाचा वास आणि मजुराच्या नखांना निळा रंग, अशी ती वाटणी होती. आजच्या अत्तरात तो पदार्थ वापरत नाहीत. बदामाचा वास आता बहुतेक टोल्युइनपासून केलेल्या बेंझाल्डिहाइडचा असतो. आमच्या कुपीतलाही तोच असावा.

आता गुलाबाकडे, म्हणजे आपल्या घराकडे वळू. आपल्या जिल्ह्याच्या कोरड्या डोंगरउतारांवर पावसाळ्यानंतर जे रोशाचे गवत फुलोऱ्यावर येते, त्यास कोणी तिखाडीही म्हणतात. त्याच्या मोतिया जातीच्या तेलाला गुलाबासारखा वास असतो. खऱ्या गुलाबतेलाच्या एका किलोस तीन-चार हजार किलो फुले लागतात. रोशाचे तेल त्यामानाने कितीतरी स्वस्त. म्हणून एकोणिसाव्या शतकात खानदेश-निमाड-वऱ्हाडाकडचे हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई. तेथे त्याचे नाव 'इद्रिस यागी'. लिंबाचा रस घालून, उन्हात ठेवून त्याचा रंग व उग्रपणा घालवीत, आणि ते बल्गेरियातील कझानलिकच्या गुलाबतेलात मिसळीत. युरोपातल्या श्रीमंतांनी गुलाब म्हणून जे लावले, त्यात आपल्याकडचे गवत किती होते, याचा हिशेब कोणी ठेवला असेल? फसवणुकीचे शास्त्र मात्र चोख होते. गुलाबाच्या वासाला कारण होणाऱ्या मुख्य द्रव्यांपैकी एक जे जिरॅनिऑल, ते 1871 साली याकोब्सन याने वेगळे काढले तेही याच भारतीय तेलातून.

ते वाचल्यावर दिवाळीनंतर आम्ही मुद्दाम एका भट्टीवर गेलो. भट्टी नाल्याकाठीच असते, कारण वाफ थंड करण्यास पाणी हवे. मोठ्या भांड्यात गवत ठासून भरायचे, झाकण मातीने लिंपायचे, नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात न्यायची, आणि पाण्यावर तरंगणारे पिवळसर तेल अलगद काढून घ्यायचे. शंभर किलो हिरव्या गवतास फार तर अर्धा किलो. कापणाऱ्यांस मजुरी भाऱ्याच्या वजनावर. आणि गवत दवाने ओले आहे म्हणून त्या दिवशी वजनात घट धरली जात होती. तेलासाठी तेच गवत जसेच्या तसे भांड्यात जात होते! यावरून ठेकेदाराच्या माणसाशी आमची बरीच बोलाचाली झाली. अखेर त्या दिवसापुरती घट मागे घेतली गेली; दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे नव्हतो.

निघताना एका वयस्क मजुराने आपला तेलकट तळवा आमच्या मनगटावर चोळला. बदामाच्या जागी गुलाब आला. थोडा हिरवा, थोडा धुराचा. "जात न्हाई हा वास, भाऊ," तो म्हणाला. "घरी गेलो का लेकरायले अंधारातबी समजते, बाप आला म्हून."