जुन्या जीपची पिढी ओळखायची कशी? उत्तर इंधनाच्या इतिहासात आहे

१७ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील जुन्या वाहनांविषयीच्या आपल्याच आदेशात महत्त्वाचा बदल केला. दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांवर केवळ गाडीच्या वयाच्या कारणाने कठोर कारवाई करू नये, असे १२ ऑगस्टच्या आदेशात म्हटले होते. डिसेंबरच्या आदेशाने हे संरक्षण ‘भारत स्टेज-४’ अर्थात बीएस-४ आणि त्यापुढील मानकांच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. म्हणजे प्रश्न गाडी किती वर्षांची आहे एवढाच उरला नाही. ती कोणत्या मानकाखाली जन्मली, हेही निर्णायक ठरले.

या बदलाची झळ ज्यांना सर्वाधिक जाणवते, त्यांत जुन्या फोर-बाय-फोर जीपचे चाहते आहेत. वापरलेली जीप घेणाऱ्यासमोर भारतीय बाजारात साधारण चार पर्याय असतात : महिंद्राची जुनी सीजे किंवा एमएम मालिका, मारुतीची जिप्सी, २०१० मधील पहिली थार आणि २०२० मधील दुसरी थार. यांपैकी कोणती घ्यावी, यावरचा वाद बहुधा रूप, ताकद आणि किंमत यांभोवती फिरतो. परंतु या पिढ्यांना एकमेकींपासून वेगळे करणारी खरी रेषा त्या-त्या काळी पंपावर मिळणाऱ्या इंधनाने आणि त्या इंधनामुळे शक्य झालेल्या कायद्याने आखली आहे.

भारतात जीप रुजली ती स्वातंत्र्याच्या सुमारास. महिंद्रा बंधूंच्या कंपनीने अमेरिकेतील विलीस कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी ही भारतीय जीपची ओळख ठरली. तिचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन दणकट होते, पण तहानलेले होते. मूळ अमेरिकेत या प्रतिमानाचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले; भारतात मात्र तिचा वंश पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. १९७३च्या तेलसंकटानंतर महाग पेट्रोल परवडेना, तेव्हा जीपने डिझेलची वाट धरली. १९८०च्या दशकात एमएम ५४० मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या तंत्राचे २.१ लिटरचे डिझेल इंजिन आले.

या इंजिनांच्या घडणीमागे एक साधा हिशेब होता. इंधन कसेही असेल, रस्ता नसेल, आणि बिघाड झाल्यास गावातला फिटर हाच तारणहार असेल. म्हणून इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक, समोर व मागे अखंड अॅक्सल, आणि त्यांखाली लोखंडी पाटे. धुराचे बंधन जवळपास नव्हतेच, कारण देशव्यापी उत्सर्जन मर्यादा पेट्रोल वाहनांसाठी १९९१ मध्ये आणि डिझेल वाहनांसाठी १९९२ मध्ये प्रथम लागू झाल्या. एमएम ५४० चा काळा धूर हा त्या अर्थाने तिचा दोष नव्हता. ती ज्या काळात जन्मली त्या काळाने तिच्याकडे तशी मागणीच केली नव्हती.

दुसरी शाखा जपानहून आली. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने जिप्सी बाजारात आणली. तिचे इंजिन जेमतेम ९७० घन सेंटिमीटरचे आणि ४५ अश्वशक्तीचे. पण संपूर्ण गाडीचे वजन टनाच्या आसपास, आणि वाळूत, चिखलात वा बर्फात हलके असणे हे पुष्कळदा ताकदवान असण्यापेक्षा उपयोगी पडते. सैन्य, पोलीस आणि वनखाते यांनी जिप्सीला आपले मानले. ताडोबापासून रणथंबोरपर्यंतच्या व्याघ्रप्रकल्पांत ती दीर्घकाळ टिकली, यामागेही पेट्रोल इंजिनाचा कमी आवाज आणि हलके वजन हीच कारणे होती. १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर मिळाले. २००० साली कार्ब्युरेटर जाऊन इंधन-फवारणीची एमपीएफआय प्रणाली आली आणि ताकद ८० अश्वशक्तीवर गेली.

हा शेवटचा बदल नीट समजून घेण्यासारखा आहे. लडाखमधील खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. कार्ब्युरेटरला ही विरळ हवा ओळखता येत नाही. हवेच्या मानाने तो पेट्रोल जास्त सोडतो, ज्वलन अपुरे होते, इंजिन गुदमरते. एमपीएफआय प्रणाली संवेदकांच्या साहाय्याने हवा मोजते आणि तेवढेच इंधन देते. जुन्या जिप्सीच्या दोन पिढ्यांतील खरे अंतर वीस-पंचवीस अश्वशक्तीपुरते नाही. एक इंजिन हवा ‘वाचू’ शकते, दुसरे शकत नाही, हे अंतर अधिक मोठे आहे.

जिप्सीला एमपीएफआय मिळाली त्याच वर्षी, म्हणजे २००० साली, युरोपीय धर्तीची पहिली मानके भारतात लागू झाली. पण मानके कागदावर कडक करणे सोपे. इंधन बदलल्याशिवाय इंजिन बदलता येत नाही. यात कळीचा घटक म्हणजे गंधक. डिझेलमधील गंधकामुळे सल्फेटचे कण तयार होतात आणि धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक निकामी होतात. म्हणजे गंधकयुक्त डिझेल भरायचे आणि आधुनिक शुद्धीकरण यंत्रणा बसवायची, हे एकत्र नांदू शकत नाही. आधी तेलशुद्धीकरण कारखाने बदलावे लागतात, मग गाड्या.

हा क्रम आखण्याचे काम डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीकडे आले. तिच्या २००२ मधील अहवालाने इंधन आणि वाहने यांची पावले एकमेकांशी जुळवणारा आराखडा दिला. त्यानंतर बीएस-२ मानक २००५ मध्ये देशभर आले, बीएस-३ मानक २०१० मध्ये. डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा बीएस-२ मध्ये दशलक्ष भागांत ५०० भाग होती. ती बीएस-३ मध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये १० झाली. भारतीय जीपचा पुढचा सारा इतिहास या चार आकड्यांच्या मागून चालत गेला.

ऑक्टोबर २०१० मध्ये महिंद्राने थार सादर केली तेव्हा ती या संक्रमणाच्या उंबरठ्यावर उभी होती. तिच्यात दोन इंजिनांचे पर्याय होते. एक, जुन्या परंपरेतले यांत्रिक फवारणीचे २.५ लिटरचे ‘डीआय’, सुमारे ६३ अश्वशक्तीचे. दुसरे, त्याच आकारमानाचे पण कॉमन-रेल तंत्राचे ‘सीआरडीई’, १०५ अश्वशक्तीचे. कॉमन-रेलमध्ये डिझेल अत्यंत उच्च दाबाने सामाईक नळीत साठते आणि संगणक मिलिसेकंदांच्या हिशेबाने ते सिलिंडरमध्ये सोडतो. फवारा बारीक, म्हणून काजळी कमी. एकाच नावाच्या, जवळपास सारख्या दिसणाऱ्या या दोन थार वस्तुतः दोन निरनिराळ्या युगांच्या आहेत.

यात आणखी एक गुंता आहे. २०१० ते २०१७ या काळात देशात दोन मानके एकाच वेळी अस्तित्वात होती : प्रमुख महानगरांत बीएस-४, उर्वरित भारतात बीएस-३. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ सर्वत्र अनिवार्य झाले, आणि शिल्लक बीएस-३ गाड्यांची त्यानंतर विक्री करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. त्यामुळे २०१४ सालच्या दोन गाड्यांपैकी एक आज न्यायालयीन संरक्षणाच्या कक्षेत, तर दुसरी बाहेर असू शकते. जुनी गाडी घेताना मीटरवरील किलोमीटर पाहण्याआधी नोंदणी प्रमाणपत्रातील उत्सर्जन मानकाची नोंद पाहावी, ती याचसाठी.

१ एप्रिल २०२० रोजी भारताने बीएस-५ वगळून थेट बीएस-६ मध्ये उडी घेतली. डिझेल मोटारींसाठी कणांची मर्यादा बीएस-३ मध्ये किलोमीटरमागे ५० मिलिग्रॅम, बीएस-४ मध्ये २५ आणि बीएस-६ मध्ये ४.५ मिलिग्रॅम अशी उतरत गेली. जड वाहनवर्गांना थोडी सवलत असली तरी दिशा तीच. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला नाशिकमध्ये तयार होणारी दुसरी थार बाजारात आली. जुनी थार सुरक्षा आणि उत्सर्जनाच्या नव्या नियमांत बसवण्यापेक्षा गाडीच नव्याने घडवणे भाग होते. नव्या थारला दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मिळाले, २.२ लिटरचे डिझेल मिळाले, मागील पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. ‘ग्लोबल एनकॅप’च्या टक्कर-चाचणीत तिने चार तारे मिळवले; पहिल्या थारमध्ये एअरबॅगच नव्हत्या.

पण नव्या तंत्रानेही आपली किंमत मागितली. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढावे लागते, आणि त्यासाठी गाडी सलग काही काळ वेगाने धावावी लागते. रोज दोन-तीन किलोमीटर भाजी-शाळेपुरती फिरणारी डिझेल थार ही गाळणी तुंबवून घेते. दुर्गम वस्तीत असा बिघाड झाल्यास पान्ह्यांची पेटी पुरत नाही. निदानासाठी स्कॅनर आणि प्रशिक्षित माणूस लागतो. एमएम ५४० ची दुरुस्ती झाडाखाली होत असे. तिच्या नातीची होत नाही.

पेट्रोलच्या बाजूलाही इंधन बदलत आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, आणि जुन्या काळातील रबरी नळ्या, गॅस्केट व कार्ब्युरेटरचे भाग त्यासाठी घडवलेले नव्हते. म्हणून १९९०च्या दशकातली जिप्सी घेणाऱ्याने इंधनमार्गातील रबरी भाग बदलण्याचा खर्च सुरुवातीलाच धरावा. डिझेलची कथा काहीशी उलट आहे. आजचे कमी गंधकाचे डिझेल जुन्या इंजिनात चालते. गंधक काढताना घटणारी वंगणक्षमता विशेष द्रव्ये मिसळून राखली जाते. मात्र इंधन स्वच्छ झाले म्हणून जुने इंजिन स्वच्छ होत नाही. सल्फेट घटते; अपुऱ्या ज्वलनाची काजळी तशीच राहते.

मग निवड कशी करावी? गाडी कुठे राहणार, हा पहिला प्रश्न. राजधानी क्षेत्रात बीएस-३ वा त्याआधीची डिझेल जीप घेणे म्हणजे पैसे अडकवणे. अन्यत्र पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण होऊ शकते, परंतु नियमांची दिशा स्पष्ट आहे. गाडी किती आणि कशी चालणार, हा दुसरा प्रश्न. शहरात थोडेच फिरणाऱ्यास बीएस-६ थार घ्यायची असेल, तर पेट्रोल अधिक सोयीची. लांबचे महामार्ग आणि अधूनमधून डोंगर असतील तर डिझेल. कुटुंब सोबत असेल तर २०२०च्या आधीच्या जीपमधील सुरक्षेची उणीव कोणत्याही जोडणीने भरून निघत नाही. हलकी, गॅरेजात सहज उघडता येणारी, जंगलात व बर्फात विश्वासाची गाडी हवी असेल तर एमपीएफआय जिप्सी. दुर्गमात दुरुस्ती जमावी आणि मानकाचेही संरक्षण असावे, असा मध्यममार्ग हवा असल्यास बीएस-४ नोंदणीची सीआरडीई थार. त्यातही २०१५ नंतरची, कारण तिला मागील चाकांसाठी डिफरन्शियल लॉक मिळाले.

पिढी कोणतीही असो, दोन गोष्टी टाळू नयेत. किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीची शासी खालून, उजेड टाकून पाहावी. रंगाखालचा गंज वरून दिसत नाही. आणि इंजिन वा बांधणी बदललेली जीप मोहक दिसली तरी नोंदणीशी ताडून पाहावी. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

राजधानी क्षेत्रातून बाहेर पडणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या ना-हरकत प्रमाणपत्रावर इतर राज्यांत येतात आणि कमी भावात विकल्या जातात. भाव कमी असतो, कारण दिल्लीने त्या धुराचा हिशेब आधीच मांडलेला असतो. तीच गाडी सोलापूरला वा सातपुड्याच्या पायथ्याशी आली म्हणून किलोमीटरमागे बाहेर पडणारी काजळी बदलत नाही. बदलतात ती फक्त ती श्वासात घेणारी माणसे. जुनी जीप जपणे हा इतिहास जपण्याचाच एक प्रकार आहे, आणि तो जपण्याजोगा आहे. रविवारी घाटात जाणारी, नीट ट्यून केलेली एमएम ५४० आणि रोज शाळेसमोर उभी राहून धुमसणारी एमएम ५४० यांच्यातला फरक मात्र मालकाच्या हातात असतो.