मोल आणि मोलकरीण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. ज्या घरात बसून आपण तो इतिहास वाचतो त्या घरातील केर कोणी काढला आणि भांडी कोणी घासली, हा प्रश्न इतिहासाचा आहे असे आपल्याला सहसा वाटत नाही. आजच्या व्याख्यानासाठी आम्ही मुद्दाम हाच विषय घेतला आहे. घरकामाला माणूस ठेवावयाचे, तर त्याच्याकडून काय अपेक्षावे आणि कोठे थांबावे, हा तंटा आज घरोघरी आहे. पण तो आजचा नव्हे. त्याला निदान दोन हजार वर्षांची वंशावळ आहे.

प्रारंभ शब्दापासून करू. 'मोलकरीण' हा शब्द आता बोलण्यातून मागे पडत चालला आहे. तो कमीपणाचा वाटतो, म्हणून आपण 'बाई', 'मावशी', 'ताई' म्हणतो. हेतू चांगला आहे. पण जुन्या शब्दात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली होती. मोलकरीण म्हणजे मोल घेऊन काम करणारी. तिच्या आधी आपल्या समाजात जी होती, ती बटीक किंवा कुणबीण. तिला मोल मिळत नसे. तिचेच मोल ठरत असे. काम विकत घेणे निराळे आणि माणूस विकत घेणे निराळे, हा फरक त्या दोन शब्दांच्या मध्ये उभा आहे. आमच्या आजच्या प्रतिपादनाचे सार एवढेच की, कायद्याने हा फरक केव्हाच मान्य केला, परंतु घराच्या उंबरठ्याच्या आत तो पुरतेपणी अजून उतरलेला नाही.

प्राचीन ग्रंथांत या विषयाचे दोन निरनिराळे विचार आढळतात. नारदस्मृतीने कामाचे दोन वर्ग केले: शुभ आणि अशुभ. दार, शौचकूप, रस्ता आणि उकिरडा झाडणे, उष्टे आणि मलमूत्र उचलणे, ही अशुभ कामे. ती दासांनी करावयाची. बाकीची शुभ, ती मजुरांनी करावयाची. येथे सीमा आखली आहे खरी, पण ती कामाच्या मापाची नव्हे. कोणते काम किती घ्यावे हे ती सांगत नाही. ते कोणी करावे एवढेच सांगते.

कौटिलीय अर्थशास्त्राचा विचार वेगळा आहे. तिसऱ्या अधिकरणात दास आणि कर्मकर यांच्यासंबंधी नियम आहेत. गहाण पडलेल्या माणसाला प्रेत, विष्ठा, मूत्र किंवा उष्टे उचलावयास लावले, स्त्रीची मारहाण वा विटंबना केली, तर धन्याने दिलेली रक्कम बुडते. दाई, परिचारिका यांच्या बाबतीत तर असे कृत्य त्यांच्या सुटकेचे कारण ठरते. म्हणजे परिस्थितीने गांजलेल्या माणसाकडूनही अमुक एक काम मागता येत नाही, आणि मागणाऱ्याला त्याचा भुर्दंड बसतो. मजुरासंबंधीचा नियम तर आजच्या गृहिणीने आणि गृहस्थाने ध्यानात धरण्यासारखा आहे. कामाचा करार शेजारपाजारच्यांना ठाऊक असावा. ठरले असेल ते वेतन द्यावे. आधी ठरले नसेल तर काम आणि काळ पाहून द्यावे. या नियमांचे पालन प्रत्यक्षात किती झाले हा प्रश्न वेगळा. परंतु घरात चाललेला व्यवहार घराबाहेरच्या माणसाला माहीत असला पाहिजे, ही कल्पना इतकी जुनी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता पेशवाईकडे वळू. आपण त्या काळातील वाड्यांचे वैभव सांगतो. परंतु त्या वाड्यांतील दळणकांडण, शेणगोठा आणि झाडलोट यांचा मोठा भार कुणबिणींवर होता. त्यांची खरेदी-विक्री होई, किंमत ठरे, त्यावर जकात बसे, आणि हे सारे कागदोपत्री नोंदले जाई. दुष्काळात पोटासाठी विकलेल्या, व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारात जमा केलेल्या, अशा नाना मार्गांनी या स्त्रिया तेथे येत. अन्न आणि वस्त्र हेच त्यांचे वेतन. काही सुटल्याचीही उदाहरणे आहेत. पण सुटका ही धन्याची मेहेरबानी होती. अशा व्यवस्थेत 'हे माझे काम नाही' या वाक्याला जागाच नव्हती. पडेल ते काम, पडेल त्या वेळी, हाच नियम.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामीच्या हक्काला न्यायालयात थारा नाकारला आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. बटीक कायद्यातून गेली. तिच्या जागी मोलकरीण आली. परंतु 'पडेल ते काम' हा नियम मात्र जुन्या मालकिणीकडून नव्या मालकिणीकडे जसाच्या तसा आला. आणि त्या जोडीला नारदाची रेघही आली. जुन्या वाड्यातून मोलकरणीने भांडी घासून पडवीत ठेवावयाची आणि घरातल्या बाईने त्यांवर पाणी शिंपडून ती आत न्यावयाची, हा रिवाज पुष्कळांनी पाहिला आहे. तिचे हात भांड्यांना चालत. तिचा स्पर्श चालत नसे. तिला चहा द्यावयाचा, पण कप वेगळा. १९५० मध्ये राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली, १९५५ मध्ये तिच्या आचरणाला शिक्षा सांगणारा कायदा झाला. तरी तो वेगळा कप कित्येक घरांच्या फडताळात अजून आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

त्याच दंडसंहितेतील आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. साध्या चोरीला शिक्षा ३ वर्षांपर्यंत. परंतु कारकुनाने अथवा नोकराने धन्याच्या मालाची चोरी केली तर ती ७ वर्षांपर्यंत. घरातील चोरीला कोणालाही ७ वर्षे होतीच, तरी नोकरासाठी स्वतंत्र कलम घालण्यात आले. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेतही ते कायम आहे. विश्वासघात हा मोठा अपराध, हे तत्त्व मान्य करू. पण विश्वास दोन्ही बाजूंनी असतो. धनी जर महिन्याचा पगार बुडवील, तर त्या विश्वासघाताला तसे कलम नाही. घरकाम करणारी व्यक्ती चोरीच्या संशयात कायद्याला स्पष्ट दिसली. पगाराच्या वेळी मात्र ती कायद्याच्या नजरेआड राहिली.

स्वातंत्र्यानंतर ही दृष्टी बदलावी अशी अपेक्षा होती. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. त्याच वर्षी मुंबई प्रांतात दुकाने व आस्थापना यांचा कायदा झाला. दुकानातल्या पोऱ्याला आणि खाणावळीतल्या वाढप्याला त्याने कामाचे तास आणि सुट्टी दिली. घर ही मात्र आस्थापना नव्हे, म्हणून घरातील नोकर बाहेर राहिले. १९५९ साली महाराष्ट्राचे पां. ना. राजभोज यांनी राज्यसभेत घरकामगारांसाठी विधेयक आणले. त्यात किमान वेतन, कामाचे कमाल तास, आठवड्याची सुट्टी आणि वार्षिक रजा यांची तरतूद होती. ते मंजूर झाले नाही. मात्र त्याच विधेयकात पोलिसांकडे नोकरांची नोंदवही असावी असेही कलम होते. कैवार घेणाऱ्या विधेयकालाही संशयाची ती जुनी सावली टाळता आली नाही.

यापुढचा इतिहास पुण्यात घडला. १९७२ च्या दुष्काळाने खेड्यापाड्यांतून कितीतरी कुटुंबे शहरांकडे लोटली गेली, आणि त्यांतील बायकांना हाताशी सापडले ते धुणेभांड्यांचे काम. १९८० साली आजारपणामुळे काही दिवस न आलेल्या एका बाईला कामावरून काढण्यात आले, आणि तिच्याबरोबरीच्या बायकांनी काम थांबविले. पाहता पाहता संप इतर भागांत पसरला. कारखान्याचे फाटक नाही, हजेरीपट नाही, प्रत्येकीच्या मालकिणी चार आणि त्याही निरनिराळ्या. अशा स्थितीत संप होऊ शकतो हेच पुष्कळांना खरे वाटेना. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या पगारवाढीच्या, भरपगारी रजेच्या, दिवाळीच्या बोनसच्या. त्यांत ऐषआरामाचे काहीच नव्हते. संघटनेने आपल्या नावात 'मोलकरीण' हाच शब्द ठेवला, हेही आम्हांला अर्थपूर्ण वाटते. ज्या शब्दाची आपल्याला लाज वाटते, त्या शब्दात त्यांना आपला हक्क दिसला.

पुढची पावले थोडक्यात सांगतो. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास बंदी झाली. २००८ च्या कायद्याने महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाची तरतूद झाली; नोंदणी आणि साहाय्य हे त्याचे कार्य, पण वेतन आणि तास ठरविणे त्यात नाही. २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळापासून संरक्षण देताना घर हेही कामाचे ठिकाण मानले. ही मोठीच गोष्ट झाली. त्याआधी १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती आणि कामाच्या अटी आधी स्पष्ट, शक्यतो लेखी, सांगणे, हे त्यातील दोन नियम. दुसरा नियम वाचताना कौटिल्याच्या शेजाऱ्यांची आठवण होते. भारताने त्या करारावर अद्याप शिक्कामोर्तब केलेले नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करावा म्हणून समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. १९५९ पासून मोजले तर या प्रतीक्षेला सहासष्ट वर्षे झाली होती.

येथे कोणी म्हणेल की, घरात कायदा आणला की माया जाते. 'ती आमच्या घरच्यासारखीच आहे' हे वाक्य आपण सर्वांनी उच्चारलेले आहे, आणि ते नेहमीच खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. अडीनडीला दिलेली उचल, मुलीच्या शाळेची फी, दवाखान्यात केलेली सोबत, ही माया खरी आहे. परंतु घरच्या माणसाला ताप आला तर आपण खाडा मांडीत नाही. घरचे माणूस जमिनीवर बसून आणि आपण खुर्चीवर बसून चहा घेत नाही. 'घरच्यासारखी' हा शब्द बहुधा काम वाढविताना आठवतो आणि रजा देताना विसरला जातो. कालचे उरलेले देऊन पगारातली वाढ टाळणे ही माया नव्हे; ती अन्नवस्त्रावर राबविण्याच्या जुन्या रीतीची शिल्लक आहे.

उलट बाजूचीही तक्रार ऐकली पाहिजे. न सांगता दांडी, पाहुणे आले की नेमकी गैरहजेरी, कोपऱ्यात राहिलेला केर, या गाऱ्हाण्यांत तथ्य असते. शिवाय या भांडणात दोन्ही बाजूंना बहुधा स्त्रियाच उभ्या असतात. एकीचे घरकाम बिनमोलाचे आणि दुसरीचे कमी मोलाचे. घरातील पुरुष मंडळी मात्र वर्तमानपत्राआड बसून निःपक्षपाती राहतात. पण ही गाऱ्हाणी मिटतात ती सीमा आखल्याने, पुसल्याने नव्हे. काम कोणते, किती माणसांचे, किती वेळाचे. महिन्याला किती रजा. पाहुण्यांच्या भांड्यांचे वेगळे पैसे काय. स्नानगृह धुणे कामात आहे की नाही. आपण गावाला गेलो तर तिच्या पगाराचे काय. सोडताना किती दिवस आधी सांगावयाचे, हे दोन्हीकडून पहिल्या दिवशी बोलले गेले, तर पुढचे निम्मे तंटे उद्भवणार नाहीत.

शेवटी स्वतःच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या स्वयंपाकघरातील भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यावर दुधाचे खाडे आणि बाईंचे खाडे एकाच पेन्सिलीने मांडलेले असत. हा विषय तयार करताना मागील वर्षाची ती पाने आम्ही चाळून पाहिली. प्रत्येक खाडा अचूक होता. ज्या दिवशी त्या पाहुण्यांमुळे तासभर अधिक थांबल्या, त्या एकाही दिवशी मात्र खूण नव्हती. तसे दिवस वर्षात कितीतरी आले होते, हे घरात सर्वांना आठवत होते. पेशव्यांच्या दप्तरात जी उणीव आम्ही शोधीत होतो, ती आमच्याच भिंतीवर टांगलेली निघाली. यंदापासून आम्ही दोन्ही खुणा करतो आणि महिनाअखेरीस हिशोब त्यांच्यासमोर करतो. पहिल्या महिन्यात त्यांनी आमची एक चूक दाखविली, आणि ती बरोबर होती.