दूरध्वनी-जोडणीतील दोषशोधन

एक्स्चेंजपासून ग्राहकाच्या उपकरणापर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या तारांच्या जोडीतील बिघाड ओळखून त्याची जागा निश्चित करण्याची पद्धत. तार तुटणे, दोन तारा एकमेकींना चिकटणे, तार जमिनीशी जोडली जाणे आणि शेजारच्या जोडीचा विद्युत् दाब शिरणे हे मुख्य दोष. एक्स्चेंजमधूनच रोध, धारिता व परका दाब मोजतात. तुटलेल्या तारेचे अंतर धारितेवरून काढतात, कारण ती लांबीच्या प्रमाणात असते. किलोमीटरला सुमारे ५० नॅनोफॅरड. जमिनीशी लागलेल्या तारेसाठी व्हीटस्टन सेतूच्या तत्त्वावरील मरे वलय चाचणी वापरतात. तिला मात्र सोबत एक निर्दोष तार लागते. सर्वांत चकवणारा दोष ओलसर सांध्याचा. पावसात खरखर ऐकू येते, सांधा वाळला की सर्व मापे ठीक दिसतात. म्हणून अशी तक्रार ओल असतानाच तपासावी.